नेट बंद पडलं तर घर अडू नये

मैत्रिणींनो, पाणी जाणार असलं की आपण पिंप, हंडे, कळश्या भरून ठेवतो. एक सिलिंडर संपायच्या आत दुसऱ्याची सोय करतो. पण घरातलं इंटरनेट चार-आठ दिवस बंद पडलं तर काय, याचा विचार कितीजणींनी केला आहे?

आमच्या गल्लीत गटारासाठी रस्ता खणला आणि केबल तुटली. ‘उद्या होईल’ म्हणता म्हणता नऊ दिवस गेले. मालिका बुडाल्या त्याचं काही वाटलं नाही. सासूबाईंनी पत्त्यांचा जुना जोड काढला, मुलं दोन संध्याकाळी रमली. (तिसऱ्या दिवशी भुणभुण सुरू, हेही सांगायला हवं!) मोबाइलवर नेट असतंच की, असं तुम्ही म्हणाल. असतं, पण दिवसाचा दीड जीबी मुलांच्या अभ्यासातच संपतो, मग नुसतं चक्र फिरत बसतं.

खरी अडचण निराळीच होती. एका संध्याकाळी सासूबाईंना चक्कर आली. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. तो ई-मेलमध्ये. शेजारणीने लगेच आपला मोबाइल दिला, पण पासवर्ड कोणाला ठाऊक? मुलाला, आणि तो क्लासला. हे गाडीत, फोन लागेना. मुलगा येईपर्यंतचा पाऊण तास मला फार मोठा वाटला. सासूबाई सावरल्या, पण माझ्या मनातून ते जाईना. घर मी चालवते, आणि घराच्या किल्ल्या मात्र दुसऱ्यांच्या खिशात! नेट सुरू असतं तेव्हा हे जाणवत नाही, इतकंच.

म्हणून एक शंभर पानी वही करा. वीज आणि गॅसचे ग्राहक क्रमांक (महावितरणचा बारा आकडी असतो), विम्याच्या पॉलिसीचा नंबर, डॉक्टर, केमिस्ट, शाळा, रिक्षावाला आणि दोन नातलगांचे फोन तीत हाताने लिहा. ई-मेलचा पासवर्डही लिहा, मात्र ती वही कपाटात कुलपात ठेवा. एटीएम आणि यूपीआयचा पिन कुठेच लिहू नये, तो पाठच हवा. औषधांच्या चिठ्ठ्या व रिपोर्टची एकेक छापील प्रत फाइलला लावा. मुलांना आई-बाबांचे नंबर पाठ आहेत का, तेही आजच विचारा. उत्तर ऐकून चकित व्हाल!

आणखी एक. जुन्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून मिळे, म्हणून दिवे गेले तरी तो चाले. आताच्या फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की नेट गेलं, आणि त्यावरचा फोनही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्यासाठी घेण्यासारखा आहे. बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून स्टार ९९ हॅश फिरवलं तर इंटरनेटशिवायही शिल्लक कळते, एका वेळी पाच हजारांपर्यंत पैसेही पाठवता येतात. सगळ्या कंपन्यांच्या सिमवर ही सोय चालत नाही, तेव्हा गरज पडण्याआधी एकदा करून बघा.

वहीची जागा मात्र घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत बदललेले नंबर तीत दुरुस्त करा. पेन्सिलने लिहिलेत तर खोडायला सोपं जाईल.