विश्लेषण : जनुके वाचली, आता उलगडणार कोण?

ट्रॉम्बे म्हटले की अणुभट्टी आठवते. मात्र येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे एक काम थेट शेतात पोहोचले आहे. क्ष-किरणांच्या मदतीने विकसित केलेले भुईमुगाचे ‘टीजी-१’ हे वाण १९७३मध्ये आले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबतचे ‘टीएजी-२४’ १९९१मध्ये आले. केंद्राच्या विविध पिकांच्या वाणांची संख्या आज पन्नासच्या पुढे आहे.

भुईमुगाचे कोडे काय?

दोन रानटी जातींच्या संकरातून भुईमूग तयार झाला, म्हणून त्याच्या पेशीत दोघांचेही जनुकसंच आहेत. गुणसूत्रे ४०. लागवडीच्या भुईमुगाचा जनुकीय आराखडा २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही दाणा टपोरा होणे हे एका जनुकाचे काम नसते. अनेक जनुके, पाणी आणि तापमान मिळून ते ठरते.

प्रणाली जीवशास्त्र म्हणजे काय?

हार्बर मार्गावरील स्थानकांची यादी पाठ असली, तरी कुर्ल्यात सिग्नल बिघडल्यावर मानखुर्दला गर्दी का होते, हे यादी सांगत नाही. त्यासाठी गाड्यांचे परस्परसंबंध कळावे लागतात. जनुकीय क्रमवारी ही स्थानकांची यादी. प्रणाली जीवशास्त्र म्हणजे वेळापत्रक आणि वाहतूक समजून घेणे. त्यासाठी जीवशास्त्रज्ञाइतकेच गणिती, संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञही लागतात.

रुग्णाशी याचा संबंध काय?

तंबाखू चघळणाऱ्यांत गाल आणि हिरड्यांचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. पाश्चात्त्य देशांत या कर्करोगाचे स्वरूप वेगळे असल्याने तेथील माहिती आपल्याला पुरत नाही. टाटा मेमोरियल सेंटरचे खारघरचे केंद्र आणि कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांच्या सहभागातून झालेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. ५० रुग्णांच्या गाठींतील जनुके वाचून, आणखी ६० रुग्णांत पडताळणी करून, ‘टीपी५३’सारख्या परिचित जनुकांसोबत या कर्करोगाशी संबंधित पाच नवी जनुके समोर आली. पण बिघडलेले जनुक सापडणे म्हणजे उपचार सापडणे नव्हे. तोच बिघाड असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला रेडिएशन लागू पडते, दुसऱ्याला नाही. असे का, हे जनुकांच्या जाळ्यातच शोधावे लागेल.

मग अडते कुठे?

अणुशक्तीनगरचे होमी भाभा राष्ट्रीय संस्थान हे २००५पासून अभिमत विद्यापीठ आहे. ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र, टाटा मेमोरियल आणि चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था त्याच्याच छत्राखाली येतात. म्हणजे किरणोत्सार, रुग्ण आणि गणित, तिन्ही घरातच. एवढी सोय देशात फार थोड्या विद्यापीठांना आहे.

म्हणूनच अपेक्षाही मोठी हवी. जनुकीय विषयातील प्रत्येक पीएचडीला दोन शाखांचे दोन मार्गदर्शक असावेत, अपवाद म्हणून नव्हे, नियम म्हणून. माहितीचे विश्लेषण करणाऱ्यांना कायमस्वरूपी पदे मिळावीत. प्रकल्प संपला की तेही गेले, तर शिकलेले वाया जाते. रुग्णाची संमती आणि गोपनीयता जपून माहिती इतर संशोधकांना खुली व्हावी. ‘जीनोम इंडिया’ने १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध करून हा मार्ग दाखवला आहे.

यंत्रे विकत घेता येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि गणिती यांनी एका टेबलाशी बसण्याची सवय मात्र विद्यापीठालाच लावावी लागते. ती लागली नाही, तर माहितीचे ढीग वाढतील आणि शेतकरी व रुग्ण वाटच पाहत राहतील.