अर्ज भरण्याआधी

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो आणि संध्याकाळपर्यंत घराघरांत एकच प्रश्न उरतो: सायन्स मिळेल का? टेबलावर गुणपत्रिकेची प्रिंट, फोनवर मामा, बाबा गेल्या वर्षीचे कटऑफ चाळताहेत आणि मुलगी गप्प. अडुसष्ट टक्के. ‘सायन्स नाही तर मग काय, आर्ट्स?’ असे कुणीतरी बोलून जाते आणि सारे घर इकडे आड, तिकडे विहीर अशा पेचात सापडते.

हा पेच गुणांनी कमी आणि प्रश्नाच्या मांडणीने अधिक घातलेला असतो. ‘सायन्स घ्यायचे की नाही’ असे विचारले, तर उत्तरे दोनच. ‘हिला यंत्रांत गोडी आहे, तिथवर कसे जाता येईल’ असे विचारून पाहा. तंत्रनिकेतनातल्या तीन वर्षांच्या पदविकेला दहावीनंतरच प्रवेश मिळतो. ती पूर्ण केली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बारावी वाटेत येतच नाही. आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्यालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय आहे. वकील व्हायचे असेल, तर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला बारावी कोणत्याही शाखेची चालते.

‘सायन्स घेतले की सगळ्या वाटा मोकळ्या राहतात’ हे म्हणणे खोटे नाही. बारावी सायन्सनंतर कला किंवा वाणिज्य पदवीकडे वळता येते, उलटे सहसा जमत नाही. मात्र गोडी नसलेल्या मुलाला त्यासाठी न कळणाऱ्या फिजिक्सपुढे दोन वर्षे काढावी लागतात. क्लासच्या फीबरोबर तीही हिशेबात धरायला हवीत.

नापास झालेल्यांचेही दार बंद होत नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येते. पुरवणी परीक्षा २०१५पासून निकालापाठोपाठ होऊ लागली, ती मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच. शेजारीपाजारी काय म्हणतील या धास्तीत नेमके हेच मुलाला सांगायचे राहून जाते.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तो प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. म्हणून पहिले नाव मुलाला विचारूनच भरा. त्याआधी एक दिवस काढून त्याला जवळच्या तंत्रनिकेतनाचे किंवा आयटीआयचे वर्कशॉप दाखवून आणा. आणि निकालानंतर मूल जेवेनासे, बोलेनासे झाले असेल, तर अर्ज बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसा. गरज वाटली तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येते.