अंगातला देव आणि अंगणातला माणूस

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजेच चंपाषष्ठी, हा मल्हारी मार्तंडाच्या षड्‌रात्रोत्सवाच्या सांगतेचा दिवस. आज घरोघरी तळी उचलली जाईल, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईल, भंडाऱ्याने कपाळे पिवळी होतील. पुढे वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा भरेल. अशा मंगल प्रसंगी, ज्याच्या दिमडीवाचून खंडोबाचे जागरण पुरे होत नाही, त्या वाघ्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

संस्कृताचे अध्ययन आटोपून आम्ही देवणीस परतलो, तेव्हा विद्येचा ताठा अंगी होता. एका कीर्तनात वाघ्याच्या अंगात येणाऱ्या देवाची आम्ही यथेच्छ थट्टा केली. श्रोते हसले. कीर्तन संपल्यावर मंडपाच्या कडेला बसलेला एक वृद्ध वाघ्या पुढे आला आणि दुरूनच हात जोडून म्हणाला, "बुवा, पोथी तुमाला वाचता येती. आमाला कोनी वाचू दिली न्हाई. मग देवच आमच्याकडं आला."

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही पुन्हा ग्रंथ उघडले.

'भूत' म्हणजे केवळ पिशाच नव्हे. जे जे अस्तित्वात आले ते भूत. शंकरास आपण भूतनाथ म्हणतो. मनुस्मृतीने गृहस्थास सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, त्यात भूतांना बली अर्पण करावयाचा असतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी उपासनेनुसार फळाचा भेद सांगितला खरा. पण श्रद्धेने अन्य देवतांना भजणारेही, विधी सोडून का होईना, मलाच भजतात, हेही तेथेच सांगितले. मल्हारी माहात्म्यातला मणी तर दैत्य. शरण येताच त्यालाही देवापाशी स्थान मिळाले. मग आम्ही हसलो ते कोणत्या शास्त्राच्या आधारे?

आमची देवणी कर्नाटकाच्या सीमेवरची. पलीकडे बीदर जिल्ह्यात हाच देव मैलार मल्लण्णा होतो. त्याच कर्नाटकाच्या पश्चिम किनाऱ्यावर, उडुपी व दक्षिण कन्नड जिल्ह्यांत, तुळू लोकांची भूतपूजा आहे. 2022 सालच्या 'कांतारा' चित्रपटामुळे ती आपल्याकडेही ठाऊक झाली. तेथे कोल नावाच्या उत्सवात पात्र्याच्या अंगात दैव संचारते, गावचे तंटे त्याच्यापुढे मांडले जातात आणि मोठ्या घराण्याचा धनीही हात जोडून उभा राहतो. हे पात्री मात्र नलिके, परव, पंबद अशा, पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या जातींचे.

त्यांच्या पाड्दन नावाच्या गीतांत कल्कुड शिल्पकाराची कथा आहे. त्याने कारकळची गोमटेश्वराची मूर्ती घडविली. तशी दुसरी मूर्ती अन्यत्र घडू नये म्हणून राजाने त्याचा एक हात व एक पाय तोडला. तो आणि त्याची बहीण कल्लुर्टी पुढे दैवे झाली. ज्यास माणसांनी न्याय दिला नाही, त्यास लोकांनी देव्हाऱ्यात बसविले! 1894 पासून 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात बर्नेल यांच्या संग्रहातली ही गीते छापली गेली, ती 'तुळुवांची सैतानपूजा' या नावाखाली. परकीयाने सैतान म्हटले, आम्ही अडाणीपणा म्हटले. अंतर ते किती?

याचा अर्थ अंगात आलेल्याचा प्रत्येक बोल देववाणी मानावा, असा मात्र नव्हे. दैवी शक्तीच्या नावाने भय घालणे, आजाऱ्यास औषधापासून रोखणे, हा अधर्म होय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्यास गुन्हाही ठरविले आहे. लेकरू देवास वाहून मुरळी करण्याची रूढी तर कोणत्याही भक्तीने क्षम्य ठरत नाही. रूढीतील क्रौर्य गेलेच पाहिजे. परंतु क्रौर्याबरोबर माणसालाच हाकलणे हा न्याय नव्हे.

वाचकहो, आज रात्री वाघ्या आपल्या दारी येईल. देव अंगात असेतो आपण त्याच्या पाया पडतो आणि सकाळी त्याचे पान अंगणात वाढतो. देव सकाळी कोठे जातो, याचा विचार कोणी केला आहे काय? आमची एवढीच विनंती आहे की, यंदा त्याचे पान आपल्या पंक्तीत मांडावे आणि त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी करावी. पोथी वाचू न देण्याचे पाप आपल्या पूर्वजांचे. ते फेडणे आपले कर्तव्य आहे.

मल्हारी मार्तंड सर्वांचे कल्याण करो.