उपासनेआधीची मशागत

मृगाचा पाऊस पडल्यावर नांगर शोधू लागणाऱ्या शेतकऱ्याला यवतमाळ जिल्ह्यात कोणी शहाणा म्हणत नाही. मशागत उन्हाळ्यातच उरकावी लागते. ख्रिस्ती उपासनेच्या बाबतीत मात्र उलटा क्रम रूढ झालेला दिसतो. शनिवारी कपड्यांना इस्त्री होते, रविवारी घंटा ऐकून धावपळ होते आणि बाकावर बसल्यानंतर अंतःकरण ताळ्यावर आणण्याची खटपट सुरू होते.

या विषयाचे अध्ययन जिल्ह्याला नवे नव्हे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत यवतमाळातच होती. परंतु अंतःकरणाची तयारी ही काही पाळकांपुरती विद्या नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात येशूने या तयारीची अट घातली आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. येथे उपासकाचे स्वतःचे मन शांत आहे की नाही, हे विचारलेलेच नाही. दुसऱ्याची तक्रार काय, हे विचारले आहे. डोळे मिटून ती भागत नाही, उठून जावे लागते. भावकीतला धुऱ्याचा तंटा, कापूस वेचणारणीची थकलेली मजुरी, माल जोखताना झुकलेला काटा ही त्या तक्रारीची येथली रूपे होत. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, असे लेवीयाच्या पुस्तकाचेही सांगणे आहे.

इतकी कडक अट लावल्यास मंदिरे ओस पडतील, असा आक्षेप येईल. तथापि येऊच नये असे तेथे म्हटलेले नाही; समेट करून परत यावे व अर्पण करावे, असे म्हटले आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांनाही उपासना रविवारच्या तासाबाहेर, संबंध जगण्यातच हवी होती. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. तेवढा त्याग सर्वांना झेपणार नाही, आणि पोटापाण्याच्या गृहस्थाकडून तो मागणेही रास्त नव्हे. प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात गीतांच्या तालमीबरोबर देण्याघेण्याच्या हिशेबांचीही आठवण मंडळीने द्यावी, एवढे तर सहज शक्य आहे. पाळकांनी ती व्यासपीठावरून न देता घरोघर जाऊन द्यावी, म्हणजे चारचौघांत कोणाची शोभा होणार नाही.