कालव्याचे पाणी आले, तपासले कोणी?

नाथसागरात किती टीएमसी पाणी, हा मराठवाड्यातला दर पावसाळ्याचा प्रश्न. पैठणच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की वडीगोद्री परिसरातल्या उसाला जीव येतो आणि पाझराने विहिरी भरतात. पण भरलेली विहीर म्हणजे पिण्यायोग्य पाणी नव्हे.

१९७६ साली पूर्ण झालेल्या या जलाशयाचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एकूण साठा १०२ टीएमसी असला तरी सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराची सरासरी खोली नव्वद मीटरच्या आसपास आहे. तिथे साठ मीटर खोलवरून थंड पाणी उचलून जर्मनीतल्या सुमारे चाळीस लाख लोकांना पुरवतात. या सरोवरातही सांडपाण्यातल्या फॉस्फरसमुळे शेवाळ माजले होते. काठावरच्या देशांनी १९५९ मध्ये संयुक्त आयोग नेमला, सांडपाणी प्रक्रियेवर पैसा ओतला, तेव्हा कुठे काही दशकांनी पाणी निवळले. आपला जलाशय उथळ, ऊन कडक. शेवाळाला आणखी काय हवे?

विहिरींचे दुखणे वेगळे. उसाला दिलेल्या युरियातला न वापरलेला नत्र नायट्रेट होऊन पाझरासोबत खाली उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. ओठ, नखे निळसर पडतात. घरोघरी ठरलेला सल्ला 'पाणी उकळून द्या'. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटल्याने उलट दाट होते. टीसीएल पावडरीचाही त्यावर इलाज नाही. (सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध पाजणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.)

जलसुरक्षक क्लोरीन तपासतो, ते हवेच. पण कालव्यालगतच्या पिण्याच्या प्रत्येक विहिरीची नायट्रेट तपासणी आवर्तनाआधी एकदा आणि नंतर एकदा व्हावी, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. ज्या घरात बाळंतीण आहे, तिथे आशाताईंनी तो तोंडी सांगावा. पाणी किती सोडायचे यावर कालवा सल्लागार समितीत तासन्‌तास खल होतो. त्याच बैठकीत आरोग्य अधिकाऱ्यांना एक खुर्ची द्यायला फारसा खर्च येणार नाही.