जहाज कंपनीशी वफादारी : किती आणि कुठवर?

परदेशी माल पाठवणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. वर्षानुवर्षे एकाच जहाज कंपनीला माल देत राहावे, की दर खेपेला चार ठिकाणी भाव विचारून दुसऱ्या कंपन्याही आजमावून पाहाव्यात? भिवंडीचे कापड, मालेगावच्या लुंग्या, सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल न्हावा शेव्याहून दुबई, मोम्बासा, जेद्दा अशा बंदरांकडे जातात. या मालात नफा शेकड्याला चार-पाच रुपये सुटला तरी आपण समाधान मानतो. जहाजाचे भाडे थोडे वर गेले किंवा माल पंधरा दिवस उशिरा पोहोचला की तो नफा बुडतो. ईदच्या बाजारासाठी निघालेला कंटेनर ईद झाल्यावर बंदरात उतरला, तर ग्राहक त्याच मालाला निम्मा भाव देऊ करतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम जुन्या संबंधाच्या बाजूने बोलू. आपल्या धंद्यात वफादारीला किंमत आहे, हे कोणी नाकारणार नाही. सूत व्यापारी जुन्या कारखानदाराला मंदीतही उधारीवर सूत देतो, आणि कारखानदारही दुसरीकडे किलोमागे रुपया स्वस्त मिळाला म्हणून लगेच पळत नाही. जहाजाच्या बाबतीतही नेहमीच्या ग्राहकाला काही फायदे मिळतात. बुकिंग खिडकीतला माणूस ओळखीचा असतो. कंटेनरची टंचाई असली तर एखादा रिकामा कंटेनर तो काढून देतो. कागदात किरकोळ चूक राहिली तर फोनवर सांगतो. परक्या बंदरात कंटेनर ठेवण्याचे मोफत दिवस चार-पाचने वाढवून मिळतात. हे सर्व फायदे खरे आहेत. मात्र ते कंपनीकडून मिळतात की त्या खुर्चीवरच्या माणसाकडून, हे पाहिले पाहिजे. माणसाची बदली झाली की पुष्कळदा सवलतीही त्याच्याबरोबर जातात.

जहाज कंपन्यांनी ग्राहकाची वफादारी विकत घेण्याचा हिशेब फार पूर्वी मांडला आहे, आणि त्याची सुरुवात कापडापासूनच झाली. १८७५ साली इंग्लंड आणि कलकत्ता यांच्यात जहाजे चालवणाऱ्या कंपन्यांनी एक मंडळ स्थापन केले आणि भाडे आपसांत ठरवून घेतले. अशा मंडळाला कॉन्फरन्स म्हणत. १८७७ साली मँचेस्टरहून कलकत्त्याला येणाऱ्या कापडावर त्यांनी एक नवी योजना आणली. व्यापाऱ्याने सहा महिने सर्व माल फक्त मंडळाच्या जहाजांनी पाठवायचा. तसे केल्यास भाड्याचे शेकडा दहा परत मिळणार, पण लगेच नाही. पुढचे सहा महिनेही तो व्यापारी त्याच जहाजांशी बांधून राहिला, तरच पहिल्या सहा महिन्यांची रक्कम हाती पडायची. मध्येच एखादी गाठ जरी बाहेरच्या जहाजात चढवली, तर अडकलेली सारी रक्कम बुडाली.

यातली युक्ती ध्यानात घ्या. पैसा व्यापाऱ्याचाच होता, पण तो कंपनीच्या तिजोरीत ओलीस होता. दुसरी कंपनी कितीही स्वस्त भाव देत असली, तरी मागची रक्कम सोडायला व्यापारी तयार होत नसे. ही पद्धत पुढे जगभर पसरली. अमेरिकेने १९१६ च्या कायद्याने ती बंद केली. हिंदुस्थानात ती बंद व्हावी म्हणून १९२९ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक आले, पण ते तडीस गेले नाही. या पद्धतीमुळे देशी जहाज कंपन्यांना माल मिळणे कठीण झाले, अशी त्या काळच्या व्यापाऱ्यांची रास्त तक्रार होती.

आजही हे धोरण नव्या कपड्यांत हिंडते आहे. हौसेखातर समुद्रप्रवास घडवणाऱ्या क्रूझ कंपन्या पाहा. एकाच कंपनीच्या जहाजावर जास्त रात्री काढल्या की जास्त गुण, गुण वाढले की वरचा दर्जा, आणि दर्जाप्रमाणे सवलती. गुण हातचे जातील म्हणून प्रवासी दुसरे जहाज बघतच नाही. कार्निव्हल या मोठ्या अमेरिकन कंपनीने मात्र २०२५ साली जाहीर केले की २०२६ पासून दर्जा प्रवासाच्या दिवसांवर नव्हे, तर ग्राहकाने केलेल्या खर्चावर ठरेल. वर्षानुवर्षे दिवस मोजत बसलेल्या प्रवाशांची नाराजी झाली. ज्या सवलतीचे नियम समोरच्याच्या हातात असतात, तिला आपली शिल्लक समजू नये, हे यातून दिसते. मालवाहतुकीतही वर्षअखेरीस मिळणाऱ्या सवलतीचे आमिष दाखवले जाते. ते ऐकताना १८७७ ची योजना आठवावी.

मग दर वेळी सर्वांत स्वस्त जहाज पकडावे काय? नाही. या दुसऱ्या टोकाचेही नुकसान मोठे आहे, आणि त्याचीही साक्ष मुंबईच्याच इतिहासात मिळते.

१८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीला बरोबर घेऊन मुंबई आणि जपान यांच्यामध्ये जहाजे सुरू केली. त्या काळी हा मार्ग पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या ताब्यात होता आणि कापूस व सूत पाठवणारे व्यापारी भाड्याने हैराण झाले होते. टाटांची जहाजे आली तसे पी. अँड ओ.ने भाडे एकदम खाली आणले. टाटांच्या जहाजात माल देणार नाही असे कबूल करणाऱ्यांना खास सवलत दिली. जपानला कापूस फुकट नेण्याचीही तयारी दाखवली. ज्या व्यापाऱ्यांच्या फायद्यासाठी ही जहाजे आणली होती, तेच व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले. टाटांना आपली जहाजे थांबवावी लागली. त्यानंतर भाडी पुन्हा चढली.

दक्षिणेत १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिन ते कोलंबो स्वदेशी जहाज कंपनी काढली. समोरच्या ब्रिटिश कंपनीने तिकीट इतके उतरवले की शेवटी प्रवाशांना फुकट नेऊन वर छत्री भेट दिली, असे सांगितले जाते. स्वदेशी कंपनी काही वर्षांतच बंद पडली. प्रवाशाला एक छत्री मिळाली, पण मार्ग पुन्हा एकाच कंपनीच्या हाती गेला.

याच्या उलट उदाहरण आपल्या लोकांना जवळचे आहे. हजच्या जहाजांवर मुंबईत मोगल लाइनचा वर्षानुवर्षे पगडा होता. १९३७ साली सिंदिया कंपनी या वाहतुकीत उतरली आणि दोघांच्या चढाओढीत तिकीट झपाट्याने खाली आले. दुसरे जहाज नुसते बंदरात उभे राहिले, तरी पहिल्याचा भाव जमिनीवर येतो, याचा तो पुरावा होता. पण असा भाव टिकवायचा असेल, तर दुसरे जहाज जिवंत राहिले पाहिजे. ते जिवंत ठेवणे हे ग्राहकाचेही काम आहे.

अलीकडच्या काळाकडे येऊ. २०२१ साली कोरोनाच्या धक्क्याने कंटेनर मिळेनासे झाले. शांघायहून अमेरिकेला जाणाऱ्या चाळीस फुटी कंटेनरचे भाडे दहा हजार डॉलरच्या वर गेले. त्या वेळी कराराने बांधलेल्या जुन्या ग्राहकांचा माल मागे ठेवून जास्त भाडे मोजणाऱ्यांचा माल चढवला जातो, अशा तक्रारी अनेक देशांतून आल्या. २०२३ पर्यंत भाडी कोसळली, तेव्हा ग्राहकांनीही करार बाजूला ठेवून रोजच्या भावाने बुकिंग सुरू केले. थोडक्यात, तेजीत कंपनीने वफादारी सोडली आणि मंदीत ग्राहकाने. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. ज्यांच्याकडे एकाहून अधिक कंपन्यांची ओळख होती, त्यांना निदान चौकशी करायला दोन दरवाजे होते.

एकाच कंपनीवर भरवसा ठेवण्याचा सर्वांत मोठा धोका २०१६ साली दिसला. दक्षिण कोरियाची हानजिन ही जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर कंपनी. ऑगस्टच्या ३१ तारखेला तिने कोर्टात संरक्षण मागितले. पैसे बुडतील या भीतीने अनेक बंदरांनी तिची जहाजे आत घेतली नाहीत. सुमारे चौदा अब्ज डॉलरचा माल समुद्रात लटकला. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीचे दिवाळे अधिकृतपणे जाहीर झाले. त्या मालात ज्यांचे सर्व कंटेनर एकदम अडकले, त्यांचे काय झाले असेल, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

आता आपण काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. एक कंपनी मुख्य ठेवावी, पण संपूर्ण धंदा तिच्या हाती देऊ नये. वर्षाला दहा कंटेनर जात असतील, तर सात मुख्य कंपनीला आणि तीन दुसऱ्या एक-दोन कंपन्यांना द्यावेत. मुख्य कंपनीला आपले वजन कळते आणि दुसरीकडे आपले खाते चालू राहते. या तीन कंटेनरांवर थोडे भाडे जास्त पडले, तरी तो विम्याचा हप्ता समजावा. अडचणीच्या दिवशी अनोळखी दारात उभे राहणे फार महाग पडते.

भाव विचारताना फक्त समुद्राचे भाडे विचारू नये. बंदरातला हाताळणीचा खर्च, कागदपत्रांची फी, इंधनाचा अधिभार, आणि पोहोचण्याच्या बंदरातले मोफत दिवस हे सर्व एका कागदावर मागून घ्यावे. मोफत दिवस संपल्यावर रोजचा दंड डॉलरमध्ये चढतो. शंभर डॉलर स्वस्त घेतलेले बुकिंग तिथे चारशेला पडते.

दुसरी कंपनी निवडताना तिचे जहाज कोणते आहे, हे जरूर विचारावे. आज मोठ्या कंपन्या गट करून एकमेकींच्या जहाजांवर जागा घेतात. २०२५ च्या फेब्रुवारीपासून मर्स्क आणि हापाग-लॉइड यांनी मिळून जहाजे चालवण्यास सुरुवात केली. लांबच्या मार्गांवर असे आणखीही गट आहेत. त्यामुळे बिल ऑफ लेडिंगवर दोन वेगळी नावे असूनही दोन्ही कंटेनर एकाच जहाजात असू शकतात. जहाज थांबले तर दोन्ही थांबले. अशाने धोका वाटला गेला असे म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट, वही ठेवावी. कोणत्या कंपनीने कोणती तारीख दिली, माल खरोखर कधी निघाला, कधी पोहोचला आणि किती वेळा पुढच्या जहाजावर ढकलला, हे लिहून ठेवावे. आमच्या पेढीत अशी वही आहे. एका कंपनीने एका हंगामात आमचा माल तीनदा पुढे ढकलला होता. पुढच्या बोलणीत ती पाने समोर ठेवली, तेव्हा तक्रार म्हणून नाही तर हिशेब म्हणून ऐकून घेतले गेले आणि मोफत दिवस वाढवून मिळाले. तोंडी तक्रारीने हे झाले नसते.

लहान व्यापारी आणि कारागीर म्हणतील की आमचा तर वर्षाला एक कंटेनरही भरत नाही, आम्हाला जहाज कंपनी काय विचारणार? त्यांचा माल फॉरवर्डर दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये भरून पाठवतो. त्यांनी आपली वफादारी फॉरवर्डरशी ठेवावी, पण तो दोन-तीन कंपन्यांशी काम करतो की एकाच कंपनीचा माणूस आहे, एवढे तपासून घ्यावे. एका गल्लीतले पाच-सहा जण एकत्र येऊन कंटेनर भरू लागले तर भावही मिळतो आणि मानही मिळतो. मात्र एकत्र आल्यावर कोणत्याही कंपनीला सर्व माल देण्याचे वर्षभराचे लेखी वचन देऊ नये. तसे वचन मागणाऱ्याने बदल्यात जागेची लेखी हमी दिली पाहिजे आणि जागा न दिल्यास नुकसानभरपाईही कबूल केली पाहिजे. दोन्ही बाजूंनी बांधले जात असतील तरच त्याला करार म्हणावे.

वफादारी ही चांगली गोष्ट आहे आणि आपल्या व्यापाराची इमारत तिच्यावर उभी आहे. पण ती आपण राजीखुशीने द्यायची असते. कोणी आपलेच पैसे अडकवून ती वसूल करत असेल, तर सावध राहावे. आणि दुसऱ्या कोणी चार दिवस फुकट माल नेण्याचे आमिष दाखवले, तर पाचव्या दिवशी भाडे किती असेल, हे आधी विचारावे. पुढच्या हंगामाचे बुकिंग करण्यापूर्वी आपल्या मागच्या दोन वर्षांच्या पावत्या काढून प्रत्येकाने एवढा हिशेब जरूर करावा.