बांध हवा, पण मानसही हवी

लष्करी विद्यालयातील संगणक शस्त्रागारात ठेवावयाचा की ग्रंथालयात, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. आमच्या मते तो शिक्षणाचा आणि म्हणूनच संरक्षणाचाही प्रश्न आहे. शस्त्रागारातील वस्तू मोजून द्यावयाची आणि मोजून परत घ्यावयाची असते. ग्रंथालयातील वस्तूचे मोल मात्र ती जितक्या हातांतून जाईल तितके वाढते. गणवेशातील अधिकारी ज्या संस्थेत पदव्युत्तर अध्ययनासाठी येतात, तेथे या दोन्ही वृत्ती एकाच छपराखाली नांदवाव्या लागतात. हे कसे साधते, याचा धडा घ्यावयाचा तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मॉन्टेरी येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयाचा इतिहास चाळण्यासारखा आहे.

१९०९ साली ॲनापोलिस येथे निघालेले हे विद्यालय १९५१ च्या अखेरीस मॉन्टेरीस आले आणि एके काळी धनिकांच्या विश्रांतीसाठी बांधलेल्या हॉटेल डेल माँटेच्या वास्तूत स्थिरावले. १९६० च्या जानेवारीत सेमूर क्रे यांनी रचलेला सीडीसी १६०४ हा संगणक, त्या जातीतला अगदी पहिला, येथे दाखल झाला. पुढे आयबीएम ३६०/६७ आला. या यंत्राचा विशेष असा, की निरनिराळ्या जागी बसलेल्या अनेकांना एकाच वेळी त्यावर काम करता येई आणि प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्या एकट्याच्या दिमतीस आहे. आज याचे कुणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवावयाचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहावयाचे, अशी सर्वत्र रीत होती. सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना ती अधिक समजावून सांगावयास नको.

याच विद्यालयात सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गॅरी किल्डॉल हे तरुण गृहस्थ नौदलातील सक्तीच्या सेवेचा भाग म्हणून संगणकशास्त्र शिकवीत होते. इंटेल कंपनीचा ४००४ हा बोटभर मायक्रोप्रोसेसर १९७१ मध्ये बाजारात आला आणि किल्डॉल यांना त्याने झपाटले. त्यावर काम करण्याजोगी सामग्री हाताशी नव्हती, तेव्हा त्यांनी विद्यालयाच्या अवाढव्य यंत्राच्या पोटातच त्या चिमुकल्या यंत्राची प्रतिकृती आज्ञावलीच्या रूपाने उभी केली. पुढे इंटेलकडून प्रत्यक्ष सामग्री मिळाली, ती त्यांनी वर्गाच्या मागच्या बाजूस मांडली, आणि विद्यार्थीही तिच्याशी खेळू लागले. १९७४ मध्ये किल्डॉल यांनी सीपी/एम ही लहान संगणक चालविणारी मूळ आज्ञावली सिद्ध केली. इंटेलला तिच्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. मग शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी पत्नीसह स्वतःची कंपनी काढून त्यांनी ती विकली. १९८१ साली आयबीएमचा व्यक्तिगत संगणक आला तो मायक्रोसॉफ्टची आज्ञावली घेऊन. पण तिची ठेवण पुष्कळशी सीपी/एमचीच होती. घरोघरच्या संगणकात ‘सी’ ड्राइव्ह असतो, ‘ए’ आणि ‘बी’ का दिसत नाहीत, असा प्रश्न मुले विचारतात. ती दोन अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, आणि ड्राइव्हला अक्षर देण्याची ही रूढी सीपी/एमच्या वाटेने, तिच्याही मागे आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील पद्धतीतून, आपल्यापर्यंत आली आहे.

या सर्व खटाटोपाचा हुकूम कोणत्याही ॲडमिरलने दिलेला नव्हता. मोठे यंत्र शिक्षकाला मोकळेपणी वापरता येत होते आणि त्यावर त्याने वेळेचा अपव्यय केला तरी त्याचा जाब विचारला जात नव्हता, एवढेच काय ते निमित्त.

१९७६ मध्ये रिचर्ड हॅमिंग बेल प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन येथे आले आणि १९९७ पर्यंत शिकवीत राहिले. संदेशातील चूक यंत्रानेच शोधून यंत्रानेच दुरुस्त करावी, या विद्येचे हे आद्य आचार्य. तिचा उगमही संगणक वापरू देण्या-न देण्याच्या व्यवहारातच आहे. चाळिशीच्या दशकात हॅमिंग यांना प्रयोगशाळेतील यंत्र शनिवार-रविवारी मिळे. त्या दिवशी देखरेखीस कोणी नसे. यंत्राला चूक आढळली की ते हॅमिंग यांचे गणित टाकून देऊन पुढच्याचे हाती घेई. सोमवारी येऊन पाहावे तो उत्तर नाही. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून १९५० चा त्यांचा सुप्रसिद्ध लेख जन्मला. विद्यालयाने आपल्या उच्चक्षमता संगणकसमूहास त्यांचे नाव दिले, ते यथोचितच होय.

या मोकळीकीची सगळीच फळे गोड निघाली, असे आम्ही म्हणणार नाही. याच विद्यालयात बनलेला आणि ४ जुलै २००२ रोजी फुकट वाटलेला ‘अमेरिकाज आर्मी’ हा संगणकीय खेळ म्हणजे सैन्यभरतीची जाहिरातच होती. पोरांच्या हाती लुटुपुटीची बंदूक देऊन खऱ्या बंदुकीकडे वळविण्याचा हा प्रकार विद्येच्या मंदिरात शोभला नाही. असो.

विद्यालयाचा संगणकीय पत्ता ‘मिल’ या लष्करी खुणेने नव्हे, तर ‘एज्यु’ या शैक्षणिक खुणेने संपतो, ही बाब बारीक असली तरी बोलकी आहे. गुप्त कामासाठी वेगळी यंत्रे, वेगळे जाळे, वेगळी खोली. आणि अध्ययनासाठी इतर विद्यापीठांना जोडलेले जाळे, अशी ही विभागणी आहे. जे प्रबंध गोपनीय वा मर्यादित नाहीत, ते जगात कोणीही घरबसल्या वाचू शकतो. आमच्याकडचा एखादा विद्यार्थीही पाणबुडीच्या ध्वनिशास्त्रावरील प्रबंध तेथून उतरवून घेऊ शकतो.

यावर आमचे लष्करी मित्र म्हणतील, मोकळेपणाच्या गोष्टी सांगणे सोपे आहे. किंमत आम्हांला मोजावी लागते. हे म्हणणे पोकळ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणम, कारवार व मुंबई येथे नेमणुकीस असलेल्या नौदलातील सात जणांना, समाजमाध्यमांतून पसरलेल्या पाकिस्तानी हेरगिरीच्या पाशात सापडल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि नौदलाने तळांवर व जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक यांना बंदी केली. कारवार आम्हांला दूर नाही. जुलै २०२० मध्ये भूदलाने आपल्या लोकांना ८९ ॲप काढून टाकण्यास फर्माविले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजऐवजी ‘माया’ ही देशी प्रणाली बसविण्यास हात घातला. ही पावले योग्यच होती.

पण खाजन शेती पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या गोमंतकीयांना बांधाचे शास्त्र ठाऊक आहे. खारे पाणी रोखण्यास बांध लागतो. तथापि नुसत्या बांधाने शेत पिकत नाही. आतले पाणी ओहोटीस बाहेर जाऊ देणारी आणि भरतीस मिटणारी मानस त्यात बसवावी लागते. मासळीच्या लोभाने ठेकेदाराने ती भलत्या वेळी उघडी ठेवली, तर शेत खारावते. म्हणून कोणी मानस बुजवून टाकीत नाही. ती कोणाच्या हाती द्यावयाची याचा विचार करतो. आमच्याकडील संरक्षणविषयक संस्थांत मात्र बंदी घालणाऱ्याला कोणी दोष देत नाही आणि परवानगी देणाऱ्याची गय होत नाही. मग बांधच उंचावत जातो.

वेरें येथे मांडवीच्या काठी २०११ पासून नौदल युद्ध महाविद्यालय आहे. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ‘चोल’ या नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले. हिंदी महासागरातील देशांचे नौदलप्रमुख ज्या परिषदेसाठी २०१७ पासून गोव्यात येऊ लागले, तिचे यजमानपदही याच संस्थेकडे. नदीच्या पलीकडे दोना पावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मॉन्टेरीत विद्यालयाच्या बरोबरीने नौदलाचे हवामान-गणनेचे केंद्रही उभे राहिले आणि समुद्रविद्या शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याचा शेजार मिळाला. येथे तर शेजार आयताच आहे. अरबी समुद्राचे प्रवाह, मान्सूनचे वारे, किनाऱ्याची धूप यांत गुपित असे किती? त्यांची गणिते दोन्ही संस्थांनी सामाईक संगणकावर मांडली, तर नौदलाचे काही बिघडणार नाही आणि रापणकारांपासून बंदर खात्यापर्यंत सर्वांचे काही ना काही भले होईल.

याची सुरुवात खर्चाच्या बाजूने करावी, असे आम्ही सुचवीत नाही. पुण्यास गिरीनगर येथे संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था आहे; तेथे आणि वेरें येथे अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या प्रबंधांपैकी कोणते गोपनीय आणि कोणते नाहीत, याची छाननी संरक्षण मंत्रालयाने एखाद्या लहान समितीकडे सोपवावी. त्या समितीत गणवेश नसलेले दोन प्राध्यापक असावेत. जे प्रबंध गोपनीय नसतील, ते मॉन्टेरीप्रमाणे सर्वांना वाचण्यास खुले करावेत आणि उरलेल्यांवर ते किती वर्षे बंद राहतील, हे आताच लिहून ठेवावे.